ग्लास्लिनच्या काठी : बेदगेलर्ट गावातला मुक्काम

पहिला दिवस

इंग्लंडच्या सीमेजवळच्या श्रूजबरी शहरातून निघालेली गाडी वेल्सचा डोंगराळ मध्यभाग ओलांडून समुद्राला भिडते आणि मग बराच वेळ किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेकडे जात राहते. बारमथपाशी मौदाख नदीच्या रुंद मुखावरचा १८६७ सालचा लाकडी खांबांचा पूल लागतो, पुढे उंच कातळावर हार्लेकचा किल्ला दिसतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात पोर्थमादोग येते. आम्हा दोघांचा मुक्काम तिथून काही मैल आत, ग्लास्लिन आणि कोल्विन या दोन लहान नद्यांच्या संगमावर वसलेल्या बेदगेलर्ट गावात होता. वेल्समध्ये पाहण्याजोगी मोठी ठिकाणे पुष्कळ आहेत. तरीही जेमतेम काही शे वस्तीचे हे गाव आम्ही निवडले, कारण तिथे एका कुत्र्याची समाधी आहे आणि त्या समाधीची कथा मुळात भारतातून निघालेली आहे, असे अनेक वर्षांपूर्वी वाचनात आले होते. ती जागा प्रत्यक्ष पाहावी, ही इच्छा तेव्हापासून मनात घर करून होती.

पोर्थमादोगहून बेदगेलर्टला बसही जाते, पण आम्ही वेल्श हायलँड रेल्वेची वाफेची गाडी धरली. तिच्या दोन रुळांमधले अंतर ५९७ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या रुळांपेक्षाही किंचित कमी. बंदरातल्या स्थानकातून सुटल्यावर ही गाडी गावातल्या मोटारी थांबवून रस्त्यावरच्या पुलावरूनच पलीकडे जाते; पुढे मोठ्या रेल्वेचे रूळ ती त्याच पातळीवर काटकोनात ओलांडते. त्यानंतर सुरू होते ती सपाट, हिरवी, मेंढ्यांनी भरलेली जमीन. दोनशे वर्षांपूर्वी इथे जमीन नव्हतीच. भरतीच्या वेळी समुद्र थेट डोंगरांच्या पायथ्यापर्यंत आत येई. विल्यम मॅडॉक्स या खासदाराने १८०८ ते १८११ या काळात सुमारे मैलभर लांबीचा बांध घालून खाडीचे मुख बंद केले. पुढच्याच वर्षी वादळात तो फुटला, पुन्हा बांधला गेला आणि आजतागायत टिकून आहे. ग्लास्लिनचे पाणी त्या बांधातल्या दारांमधून ओहोटीच्या वेळी समुद्रात सोडले जाते. गाडीच्या खिडकीतून दिसणारे खडकाळ उंचवटे एके काळी बेटे होती, हे कळल्यावर त्या कुरणांकडे पाहण्याची नजरच बदलते.

सपाटी संपते तिथे डोंगर एकदम अंगावर येतात. गाडी अबेरग्लास्लिनच्या घळीतले बोगदे पार करते, नदीवरचा पूल ओलांडते आणि बेदगेलर्टच्या स्थानकात येऊन थांबते. इंजिन प्रचंड होते: दोन्ही टोकांना चाकांचे दोन स्वतंत्र संच आणि मध्ये बाष्पक, अशी गॅरट पद्धतीची रचना. या जातीची इंजिने मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या अरुंद मार्गांवर धावत होती. तिथली सेवा संपल्यावर त्यांना इथे आणून पुन्हा कामाला लावले गेले. त्यांपैकी काही मँचेस्टरच्या कारखान्यात घडलेली आहेत, म्हणजे अर्धे जग फिरून ती जन्मभूमीच्या जवळ परतली आहेत.

गावातली घरे करड्या-काळ्या दगडाची आणि छपरे पाटीच्या दगडाची आहेत. कोल्विन नदीवर जुना दगडी कमानींचा पूल आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने, खाणावळी आणि राहण्याची घरे दाटीने उभी आहेत. जूनचे दिवस असल्यामुळे रात्री दहापर्यंत उजेड होता आणि जेवणानंतरही आम्ही पुलाच्या कठड्यापाशी बराच वेळ उभे राहू शकलो.

दुसरा दिवस

सकाळी बहुतेक प्रवासी नदीकाठची पायवाट धरून थेट समाधीकडे जातात. आम्ही आधी चर्चमध्ये गेलो, आणि ते फार बरे झाले. सेंट मेरीचे हे चर्च बाहेरून साधे, ठेंगणे, कोणत्याही खेड्यात शोभेल असे दिसते, परंतु या गावाचे अस्तित्वच मुळात त्याच्यामुळे आहे. ११८८ साली वेल्समधून फिरलेल्या जेराल्ड या धर्मपंडिताने स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका धर्मसमूहाचा उल्लेख केला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, उत्तर वेल्सचा राजा लेवेलिन अब योरवर्थ याच्या काळात, हा समूह ऑगस्टिनच्या नियमाने चालणारा मठ झाला. डोंगरातून जाणाऱ्या वाटांच्या सांध्यावर असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना आणि गोरगरिबांना अन्न व निवारा देणे हे त्या मठाचे मुख्य काम होते. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ च्या युद्धात वेल्स जिंकला, त्या धामधुमीच्या काळात मठ आगीत सापडला. १२८६ साली बँगोरचे बिशप आनियन यांनी मठाच्या पुनर्बांधणीसाठी मदतीचे आवाहन केले, तेव्हा बार्डसी बेटावरचा मठ सोडल्यास वेल्समधले हे सर्वांत जुने धर्मस्थान असल्याचे त्यांनी आवर्जून नोंदवले. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठांची व्यवस्था मोडीत काढली आणि मठाची प्रार्थनावास्तू तेवढी गावाचे चर्च म्हणून उरली.

आत शिरल्यावर समोर पूर्वेकडच्या भिंतीत तीन उंच, निमुळत्या खिडक्या दिसतात. मधली खिडकी बाजूच्या दोन्हींपेक्षा उंच आहे, आणि तिन्हींच्या कडांना बारीक दगडी खांबांची गोफासारखी नक्षी आहे. डावीकडच्या भिंतीत दोन कमानी आहेत. त्यांच्या खांबांवर बोट फिरवले तर तेराव्या शतकातल्या पाथरवटाने सोडलेल्या गोलाईचा सफाईदारपणा जाणवतो. एवढ्या आडवळणाच्या डोंगरी गावात इतके नाजूक काम करणारे कारागीर आणून काम करवून घेतले गेले, यावरून वेल्श राजांना या जागेचे किती महत्त्व वाटत असेल याची कल्पना येते. आम्ही तासभर होतो, तेवढ्या वेळात आणखी एकच कुटुंब डोकावून गेले. या गावाला येणाऱ्यांनी चर्च टाळून जाणे मला मनापासून खटकते, कारण इथली खरोखरची जुनी वास्तू हीच आहे.

चर्चपासून नदीकाठाने थोडे चालले की दोन्ही नद्यांचा संगम आणि त्यावरचा लोखंडी पादचारी पूल येतो. तिथून ग्लास्लिनच्या काठाकाठाने, कुरणांमधून जाणारी सपाट पायवाट समाधीपाशी नेते. झाडाच्या सावलीत, कुंपणाच्या आत, पाटीच्या दगडाचे दोन फलक आहेत: एकावर वेल्श भाषेत आणि दुसऱ्यावर इंग्रजीत कथा कोरलेली आहे. तेराव्या शतकात उत्तर वेल्सचा राजा लेवेलिन याचा इथे वाडा होता. एके दिवशी तो शिकारीला निघाला, पण त्याचा लाडका कुत्रा गेलर्ट बरोबर आला नाही. राजा परतला तेव्हा रक्ताने माखलेला गेलर्ट आनंदाने उड्या मारत सामोरा आला. राजा घाबरून आत धावला. बाळाचा पाळणा रिकामा होता आणि अंथरुणावर, जमिनीवर रक्त सांडले होते. कुत्र्यानेच बाळाला मारले, असे समजून राजाने त्याच्या कुशीत तलवार खुपसली. मरणाऱ्या कुत्र्याच्या किंकाळीला बाळाच्या रडण्याने उत्तर दिले. शोधले तर बाळ सुखरूप होते आणि शेजारी गेलर्टने मारलेला भलामोठा लांडगा पडला होता. त्यानंतर राजा कधी हसला नाही, असे म्हणतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट पुढे सांगण्याची गरजच नाही. आई पाण्याला गेलेली, घरात पाळण्यातले बाळ आणि पाळलेले मुंगूस, बिळातून निघालेला साप, आणि दारात रक्ताळल्या तोंडाने सामोरे आलेले मुंगूस पाहून आईने त्याच्यावर टाकलेली भरलेली घागर, हे सारे आपण लहानपणी ऐकलेले असते. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, ‘अपरीक्षितकारक’ या भागात, ही कथा आहे. ‘अपरीक्ष्य न कर्तव्यं कर्तव्यं सुपरीक्षितम्’ हे त्या कथेचे सूत्र माझ्या पत्नीने त्या फलकांसमोर उभे राहून हळू आवाजात म्हटले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिच्या आजीने तिला ती गोष्ट सांगितली होती.

कथेच्या प्रवासाचा माग अभ्यासकांनी बऱ्यापैकी लावलेला आहे. सहाव्या शतकात इराणचा सम्राट खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने पंचतंत्राचे पहलवी भाषेत रूपांतर केले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते अरबीत नेले. तिथून हिब्रूमार्गे तेराव्या शतकात ते लॅटिनमध्ये आले. दुसरी वाट सात शहाण्यांच्या कथाचक्राची. तेही पूर्वेकडून निघून युरोपभर पसरले आणि चौदाव्या शतकात त्याचे वेल्श रूपही तयार झाले होते. या वाटचालीत मुंगसाचा कुत्रा झाला, कारण युरोपातल्या घरांत मुंगूस पाळण्याची रीत नव्हती; पुढे सापाच्या जागी लांडगा आला. आपला शिकारी कुत्रा मारणाऱ्या माणसाइतका पश्चात्ताप झाला, अशी एक म्हणही वेल्श भाषेत रूढ होती. म्हणजे गोष्ट आधीपासून लोकांच्या तोंडी होती. तिला फक्त गाव मिळायचे होते.

ते गाव अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. दक्षिण वेल्समधून इथे आलेला डेव्हिड प्रिचर्ड हा गावातल्या गोट हॉटेलचा पहिला चालक होता. डोंगर पाहायला येणाऱ्या सधन प्रवाशांची ये-जा तेव्हा नुकती वाढू लागली होती. ही कथा गावाच्या नावाशी जोडण्यात आणि नदीकाठच्या कुरणात दगड उभा करण्यात त्याचाच पुढाकार होता, असे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गावाचे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे. तेराव्या शतकातल्या कागदपत्रांतही ते येते आणि ते केलर्ट किंवा गेलर्ट नावाच्या कुणा आरंभीच्या ख्रिस्ती साधूवरून पडले असावे, असे मानले जाते. १८०० साली विल्यम रॉबर्ट स्पेन्सर याने या कथेवर इंग्रजी कविता लिहिली, हायडनसारख्या थोर संगीतकाराने तिला एका वेल्श चालीवर बसवले आणि गेलर्टचे नाव सर्वदूर गेले.

हे समजल्यावर अनेक जण समाधीला ‘बनावट’ म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. दगडाखाली कुत्रा नाही, हे खरे. पण त्या दगडासमोर आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एका लहान मुलाने फलक मोठ्याने वाचून काढला आणि वाचता वाचता शेवटी त्याचा आवाज कापू लागला. त्याच्या आईने त्याला जवळ घेतले. घाईत केलेल्या कृत्याचे दुःख माणसाला इतक्या थेटपणे जाणवून देणारी कथा दोन हजार वर्षांच्या आसपास इतक्या भाषांमधून टिकून राहिली, आणि तिला डोके टेकायला कुठेतरी एक जागा हवी होती. फ्रान्समध्ये ल्योंच्या परिसरात तेराव्या शतकात अशाच एका कुत्र्याला लोक संत गिनफोर म्हणून पुजत आणि आजारी बाळांना त्याच्या समाधीवर घेऊन जात. एत्येन द बूर्बों या धर्मोपदेशकाने त्या कुत्र्याची हाडे उकरून जाळायला लावली आणि तिथली झाडे तोडवली, तरी ती श्रद्धा पुढची कित्येक शतके संपली नाही. प्रिचर्डच्या मनात व्यवसायाचा विचार असेलही. परंतु त्याने लावलेल्या दगडाची ज्या लोकांनी दोन शतके निगा राखली, त्यांना व्यवसायाशी कर्तव्य नव्हते. आज ही जागा वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. जवळच एका पडक्या घराच्या भिंतींमध्ये गेलर्टचा ब्राँझचा पुतळा आहे. मुलांच्या हातांनी त्याचे डोके गुळगुळीत झाले आहे.

तिसरा दिवस

समाधीच्या पुढे तीच नदी अबेरग्लास्लिनच्या घळीत शिरते. तिच्या अगदी कडेने जाणाऱ्या वाटेला कोळ्यांची वाट म्हणतात, कारण ग्लास्लिनमध्ये साल्मन आणि समुद्रातून वर चढणारे ट्राउट मासे येतात आणि गळ टाकणाऱ्यांच्या पायांनीच ही वाट पडली. सुरुवातीला सोपी वाटणारी ही वाट घळीत शिरल्यावर कातळाला चिकटून जाते; काही ठिकाणी खडकात बसवलेल्या लोखंडी कड्या धरूनच पाऊल टाकावे लागते. पावसानंतर इथे येणे शहाणपणाचे नाही. पाणी हिरवट, पण इतके नितळ की तळाचे गोटे मोजता यावेत. पांढऱ्या छातीचा, मुठीएवढा डिपर पक्षी एका दगडावर बसून सारखा वाकत होता आणि अधूनमधून सरळ धारेत बुडी मारून पाण्याखाली चालत किडे शोधत होता. आमच्यापासून तो फार तर दहा पावलांवर असेल.

वाटेच्या शेवटी अबेरग्लास्लिनचा दगडी पूल आहे. मॅडॉक्सचा बांध होण्यापूर्वी भरतीचे पाणी इथवर येत असे आणि छोटी गलबते या पुलाच्या आसपास लागत. आज समुद्र इथून काही मैल दूर आहे. पुलावर उभे राहून खाली पाहिले की नदी घळीतून सुटून मोकळी होताना दिसते. बांधामुळे सुपीक जमीन मिळाली, पोर्थमादोगचे बंदर उभे राहिले आणि ब्लानाइ फेस्तिनिओगच्या खाणींतला पाटीचा दगड तिथून जगभर गेला. पण डोंगरांनी वेढलेली एक विशाल खाडी कायमची नाहीशी झाली. त्या काळच्या काही लोकांना तिचे दुःख झाले होते, आणि त्या पुलावर उभे असताना त्यांची बाजू मला पटली.

परतताना उजव्या हाताच्या उतारावर जांभळ्या फुलांची दाट झुडपे दिसली. दिसायला सुरेख असलेले हे ऱ्होडोडेंड्रॉन मोठ्या घरांच्या बागांमध्ये शोभेसाठी लावले गेले होते. तिथून ते सुटले आणि त्याने डोंगरउतार व्यापले. त्याच्या सावलीत दुसरे काही उगवत नाही. हा सगळा डोंगराळ प्रदेश ज्यात येतो ते राष्ट्रीय उद्यान आणि नॅशनल ट्रस्ट यांची माणसे वर्षानुवर्षे ते मुळासकट उपटत आहेत. अनेक उतारांवर तोडलेले बुंधे आणि त्यांच्यामध्ये नव्याने आलेली ओकची रोपे एकत्र पाहायला मिळतात.

चौथा दिवस

दिवसभर पाऊस. गावापासून मैलभरावरची सिगनची तांब्याची खाण पाहिली. एकोणिसाव्या शतकात ती जोरात होती, १९०३ साली बंद पडली आणि १९८६ पासून प्रवाशांसाठी खुली आहे. बोगद्यांत डोक्यावरून पाणी टपकत असते, भिंतींवर तांब्याच्या क्षारांचे हिरवे-निळे ओघळ साचलेले आहेत आणि मेणबत्तीच्या उजेडात काम करणाऱ्या खाणकामगारांच्या वाटा इतक्या अरुंद आहेत की काही जागी वाकूनच जावे लागते. डोंगरांच्या सौंदर्याचे गोडवे गाताना या माणसांचे श्रम सहसा आठवत नाहीत. या खाणीच्या डोंगराच्या पायथ्याशीच रूपर्ट बेअर या अस्वलाची चित्रे तीस वर्षे काढणारे आल्फ्रेड बेस्टॉल यांचे छोटे घर आहे. १९८६ मध्ये निधन होईपर्यंत या गावाशी त्यांचे नाते टिकून होते.

पावसामुळे संध्याकाळ मुक्कामाच्या घरी गेली. घरमालकीणबाई आपल्या नातवाशी वेल्शमध्ये बोलत आणि आमच्याकडे वळल्या की इंग्रजीत. नातू मात्र आमच्या समोरही वेल्शच बोलत होता. २०२१ च्या जनगणनेनुसार संपूर्ण वेल्समध्ये १७.८ टक्के लोक वेल्श बोलतात, पण ग्विनेद या जिल्ह्यात हे प्रमाण ६४.४ टक्के आहे. “शाळेत आम्ही सगळे वेल्शमध्येच शिकलो, आणि तोही तसाच शिकतो,” असे बाईंनी सांगितले. त्यांच्या आजीच्या पिढीला मात्र भाषेसाठी झगडावे लागले होते. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी बायबलचे संपूर्ण वेल्श भाषांतर प्रसिद्ध केले आणि चर्चमधून प्रमाण, समृद्ध वेल्श लोकांच्या कानांवर पडत राहिली, याचा भाषा टिकण्यात मोठा वाटा आहे. ज्या विबर्नांतच्या खोऱ्यात मॉर्गन जन्मले, ते इथून फार लांब नाही. राष्ट्रीय उद्यानानेही २०२२ साली या प्रदेशाच्या स्नोडोनिया आणि त्यातल्या शिखराच्या स्नोडन या नावांऐवजी अनुक्रमे एरेरी आणि अर विद्वा ही मूळ वेल्श नावे वापरण्याचा निर्णय घेतला. बाईंना त्याचे अप्रूप नव्हते. “आम्ही दुसरे काही म्हणतच नव्हतो,” त्या म्हणाल्या.

पाचवा दिवस

पाऊस उघडल्यावर नांत ग्विनांतच्या खोऱ्यात गेलो. ग्लास्लिन नदी अर विद्वा या १,०८५ मीटर उंचीच्या शिखराखालच्या तळ्यातून निघते, खोऱ्यातली दोन मोठी तळी पार करते आणि मग गावात येते. त्यांपैकी खालच्या लिन दिनास तळ्याच्या अलीकडे, झाडीने झाकलेल्या एका टेकडीवर दिनास एम्रिसचा जुना गड आहे. क्राव्लुइनच्या वाड्यापासून निघणारी पायवाट धबधब्याशेजारून, शेवाळाने लपेटलेल्या ओकच्या रानातून वर जाते. माथ्यावर भिंतींचे अवशेष, एका चौकोनी बुरुजाचा पाया आणि पाणथळ खळगा आहे.

याच जागेची कथा नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासग्रंथात आहे. राजा गुर्थेर्न इथे गड बांधू लागला, पण दिवसा जमवलेले सामान रात्री नाहीसे होई. बाप नसलेल्या मुलाचे रक्त पायावर शिंपडा, असा सल्ला त्याला मिळाला. बांधकाम टिकावे किंवा विहिरीला पाणी लागावे म्हणून बळी देण्याच्या कहाण्या आपल्याकडेही ओव्यांमधून ऐकायला मिळतात. परंतु इथला मुलगा बळी न जाता राजाच्या ज्योतिषांनाच निरुत्तर करतो. जमिनीखाली तळे आहे, तळ्यात दोन सर्प आहेत, एक तांबडा आणि एक पांढरा, आणि तांबडा शेवटी पांढऱ्याला हुसकावून लावील, असे तो सांगतो. तांबडा म्हणजे वेल्सचे लोक आणि पांढरा म्हणजे परकीय सॅक्सन. वेल्सच्या झेंड्यावरचा तांबडा ड्रॅगन या कथेशी जोडला जातो. १९५९ साली त्या झेंड्याला अधिकृत मान्यता मिळाली. १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन झाले, तेव्हा माथ्यावरचा पाण्याचा खळगा माणसाने तयार केलेला असल्याचे दिसले आणि रोमन सत्ता संपल्यानंतरच्या शतकांतही इथे वस्ती असल्याचे पुरावे सापडले. कथेतले तळे आणि उत्खननातले तळे एकाच टेकडीवर असणे, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातली सर्वांत विलक्षण गोष्ट होती. त्या खळग्याच्या काठावर बसून आम्ही डबा खाल्ला. पाण्यात बेडकाची पिल्ले होती.

दुपारी ‘शेर्पा’ नावाच्या स्थानिक बसने खोऱ्यात आणखी वर जाऊन अर विद्वावर चढणारी वॉटकिन वाट काही अंतर चाललो. रेल्वे कंपन्यांचे प्रमुख असलेले सर एडवर्ड वॉटकिन यांनी ही वाट बांधून घेतली आणि १३ सप्टेंबर १८९२ रोजी तत्कालीन पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांनी ती लोकांसाठी खुली केली. वयाची ८२ वर्षे पूर्ण केलेल्या ग्लॅडस्टन यांनी एका मोठ्या खडकावर उभे राहून वेल्सला न्याय मिळण्याविषयी भाषण केले, आणि जमलेल्या लोकांनी वेल्श प्रार्थनागीते म्हटली. खडकावर त्याची नोंद कोरलेली आहे. त्याच्या आजूबाजूचे हावोद अ लान हे शेत विक्रीला निघाले, तेव्हा नॅशनल ट्रस्टने लोकवर्गणीचे आवाहन करून १९९८ साली ते घेतले. अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांनी त्यासाठी दहा लाख पौंड दिले. तिथे आजही मेंढ्या आणि काळी वेल्श गुरे पाळली जातात आणि ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार होते.

सहावा दिवस

परतीसाठी आम्ही पोर्थमादोगकडे न जाता त्याच छोट्या रेल्वेने उलट बाजूला, कायरनार्वनला निघालो. गाडी येण्यापूर्वी गावाबाहेरच्या शेतात उभे असलेले दगडी पुलाचे ओटे पाहून आलो. विसाव्या शतकाच्या आरंभी एका कंपनीने इथून रेल्वे नेण्याचा घाट घातला, पैसे संपले आणि अर्धवट पूल तसाच राहिला. पुढे १९२३ साली दुसऱ्या आखणीने मार्ग पूर्ण झाला, पण तोही चालेना; १९३६ साली प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि युद्धकाळात रूळ उखडून नेले गेले. त्यानंतर दोन पिढ्या इथे नुसता गवताने भरलेला मार्ग होता. १९९७ साली कायरनार्वनच्या बाजूने पुन्हा काम सुरू झाले, २००३ मध्ये रूळ रिद थी गावापर्यंत आले, २००९ मध्ये बेदगेलर्टला पोहोचले आणि २०११ मध्ये सुमारे ४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू झाला. रूळ टाकण्याच्या कामात सुट्टीच्या दिवशी येऊन राबणाऱ्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. आमच्या डब्यातले तिकीट तपासनीस निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि याच कामावर त्यांनी कित्येक उन्हाळे रुळांखालची खडी टाकली होती. “पहिली गाडी बेदगेलर्टला आली तेव्हा गावातल्या काही म्हाताऱ्यांना लहानपणची गाडी आठवत होती,” एवढे सांगून ते पुढच्या डब्यात गेले.

बेदगेलर्ट सोडल्याबरोबर चढ सुरू होतो, दर चाळीस फुटांना एक फूट असा. गाडी रानातून नागमोडी वळणे घेत वर जाते आणि एका वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन समोरून येताना दिसते. डावीकडे मोएल हेबोग डोंगराचा काळा कडा आणि उजवीकडे अर विद्वाचा पश्चिम उतार दिसत राहतो. या बाजूने येणाऱ्यांनी शक्यतो पहिली गाडी धरावी. ती गावात पोहोचते तेव्हा चर्चमध्ये वर्दळ नसते, पूर्वेकडच्या तीन खिडक्यांमधून ऊन आत येत असते, आणि समाधीकडे नंतर जाता येते.